वाकड्या मूळनलिकांसाठी रोटरी फाईलची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखाना सुरू करून थोडीच वर्षे झालेले दंतवैद्य आणि पदव्युत्तर विद्यार्थी हे प्रश्न सतत विचारतात. शेवटाकडची दोन उत्तरे रुग्णांनाही उपयोगी पडतील. दाताच्या मुळातील ज्या पोकळीला दवाखान्यात आपण ‘कॅनल’ म्हणतो, तिच्यासाठी येथे लिहिताना बहुतेक ठिकाणी ‘नलिका’ हा शब्द वापरला आहे. ती साफ करून घडवणारी बारीक कानस म्हणजे फाईल, आणि मोटरवर फिरवली जाते ती रोटरी फाईल.

नलिका वाकडी आहे आणि किती वाकडी आहे, हे कसे ठरवावे?

श्नायडर यांनी १९७१ मध्ये मांडलेली पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. क्ष-किरण चित्रावर नलिकेच्या वरच्या भागाच्या अक्षाला धरून एक रेषा ओढायची, नलिका त्या रेषेला जिथे सोडते तिथून मुळाच्या टोकावरील छिद्रापर्यंत दुसरी रेषा ओढायची आणि दोन रेषांमधील कोन मोजायचा. हा कोन ५ अंशांपर्यंत असेल तर नलिका सरळ, १० ते २० अंश असेल तर मध्यम वाकडी आणि २५ अंश किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र वाकडी समजली जाते.

मात्र कोनावरून वळणाची अर्धीच ओळख होते. ३० अंशांचे वळण रुंद रस्त्यावर सावकाश येते आणि घाटात एकाएकी येते, तसेच मुळातही घडते. म्हणून १९९७ मध्ये प्रुएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वळणाच्या त्रिज्येचा विचार पुढे आणला. कोन तोच असताना त्रिज्या जितकी लहान, तितकी फाईल त्या जागी अधिक ताणली जाते आणि तितक्या लवकर थकते. माझ्या मते दोन फाईलींची तुलना करण्याआधी वळण सुरुवातीला आहे, मध्ये आहे की टोकाशी, आणि ते सैल आहे की आखूड, एवढे तरी कागदावर लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. साधे क्ष-किरण चित्र फक्त एकाच प्रतलातील वळण दाखवते, त्यामुळे गालाकडे किंवा जिभेकडे जाणारे वळण त्यात झाकले जाते. वरच्या पहिल्या दाढेचे टाळूकडील मूळ चित्रात सरळसोट दिसते, पण त्याचे टोक अनेकदा गालाच्या बाजूला वळलेले असते. खालच्या पहिल्या दाढेला कधी कधी जिभेच्या बाजूला एक जादा दूरस्थ (मागचे) मूळ असते आणि तेही असेच फसवते. कोन बदलून दुसरे चित्र घ्यावे, शंका राहिली तर सीबीसीटी (त्रिमितीय क्ष-किरण चित्रण) करावे आणि १० क्रमांकाची (टोकाशी ०.१० मिलिमीटर जाडीची) हातफाईल बाहेर काढल्यावर तिला कोणत्या दिशेने वाक आला आहे हे पाहावे. ही शेवटची तपासणी फुकट आहे, आणि मला तिचा सर्वांत जास्त उपयोग झाला आहे.

स्टीलच्या हातफाईलींनी वाकडी नलिका घडवता येत नाही का?

येते, पण लहान क्रमांकांपर्यंतच. स्टीलची फाईल २० किंवा २५ क्रमांकाच्या पुढे इतकी ताठ होते की वाकवून घातली तरी आत सरळ होऊ पाहते. मग ती टोकाजवळ वळणाच्या बाहेरच्या भिंतीला आणि वरच्या भागात आतल्या भिंतीला घासते. त्यातून लेज (भिंतीत पायरी) पडते, टोकाचे छिद्र लांबट फाटते, आणि खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात तर दोन मुळांच्या मधल्या बाजूची पातळ भिंत झिजून आरपार भोक पडण्याची भीती असते.

१९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टाईन यांनी दात सरळ करण्याच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून १५ क्रमांकाच्या फाईली करून पाहिल्या. त्या स्टीलच्या फाईलींपेक्षा दोन ते तीन पट लवचीक निघाल्या. स्टील सुमारे एक टक्क्याच्या आतच ताण सोसून मूळ आकारात परतते, तर हा मिश्रधातू सुमारे आठ टक्क्यांपर्यंतचा ताण सोसून परततो. वाकड्या नलिकेत फाईल मोटरवर फिरवता येते ती या गुणामुळेच.

दोन फाईलींची तुलना करताना सर्वांत आधी काय पाहावे?

वळणाच्या जागी तिची जाडी किती भरते, हे पाहावे. या संपूर्ण लेखनातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही असावी, कारण आपण फाईल मागताना ‘पंचवीस नंबर’ म्हणतो आणि तो आकडा केवळ टोकाचा असतो, तर फाईल वाकते आणि मोडते ती टोकापासून दोन, तीन, पाच मिलिमीटर वर.

हिशेब सोपा आहे. २५ क्रमांक म्हणजे टोकाशी ०.२५ मिलिमीटर व्यास. टेपर (टोकाकडून वर वाढत जाणारी जाडी) चार टक्के असेल तर प्रत्येक मिलिमीटरला व्यास ०.०४ मिलिमीटरने वाढतो, म्हणून टोकापासून तीन मिलिमीटरवर तो ०.३७ होतो. सहा टक्क्यांचा टेपर असेल तर त्याच ठिकाणी ०.४३ आणि आठ टक्क्यांचा असेल तर ०.४९. प्रोटेपरची एफ-२, प्रोटेपर नेक्स्टची एक्स-२, वेव्हवन गोल्डची प्रायमरी, रेसिप्रोकची आर-२५ आणि हायफ्लेक्स सीएमची २५ क्रमांकाची चार टक्के टेपरची फाईल, या साऱ्या ‘पंचवीस’च्याच आहेत. परंतु टोकाजवळ त्यांचा टेपर अनुक्रमे आठ, सहा, सात, आठ आणि चार टक्के आहे. म्हणजे तीन मिलिमीटरवर त्यांची जाडी ०.४९, ०.४३, ०.४६, ०.४९ आणि ०.३७ मिलिमीटर भरते.

हा फरक डोळ्याला दिसत नाही, नलिकेला मात्र जाणवतो. भरीव गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे धातू आणि आकार तोच मानला तर ०.४९ मिलिमीटरचा दांडा ०.३७ च्या दांड्यापेक्षा सुमारे तिप्पट ताठ ठरतो. वळणाच्या बाहेरच्या कडेवर धातूला बसणारा ताण ढोबळमानाने व्यास भागिले त्रिज्येची दुप्पट एवढा असतो. पाच मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात ०.३७ च्या फाईलला तो ३.७ टक्के बसतो आणि ०.४९ च्या फाईलला ४.९ टक्के. त्रिज्या दोन मिलिमीटरवर आली की हेच आकडे नऊ आणि बारा टक्क्यांच्या पुढे जातात, म्हणजे धातू जिथून सुखरूप परततो ती हद्दच ओलांडली जाते. खऱ्या फाईलीला खाचा असतात आणि तिचा छेद गोल नसतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही कोणती फाईल कुठे घालू नये हे त्यांवरून नक्की कळते. आखूड, टोकाशी आलेल्या वळणात चार टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेपर कमी ठेवला तर औषधी द्रव टोकापर्यंत पोहोचेल का?

पोहोचेल. नलिका धुण्यासाठी आपण ३० गेजची सुई वापरतो आणि तिचा बाहेरचा व्यास सुमारे ०.३१ मिलिमीटर असतो. २५ क्रमांकाच्या चार टक्के टेपरच्या फाईलने घडवलेली नलिका टोकापासून तीन मिलिमीटरवर ०.३७ रुंद असते, म्हणजे सुई तिथे सैल राहते आणि द्रव परत वर येण्यास वाट मिळते. भिंतीची जाडी परवानगी देत असेल तर टोक ३० क्रमांकापर्यंत वाढवावे. टेपर वाढवण्यापेक्षा तो मार्ग वाकड्या मुळाला कमी दुखावतो.

येथे धुण्याचे महत्त्व वेगळे सांगितले पाहिजे. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सूक्ष्म संगणकीय छायाचित्रणाने (मायक्रो-सीटी) दाखवून दिले की फाईल कोणतीही वापरली तरी नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग तिला स्पर्शच करत नाही. तो भाग सोडियम हायपोक्लोराइट आणि ईडीटीए या औषधी द्रवांनीच स्वच्छ करायचा असतो.

फाईलीच्या छेदाचा (आडवी कापल्यास दिसणाऱ्या भागाचा) आकार खरोखर महत्त्वाचा आहे का?

आहे, पण टेपर आणि धातूच्या खालोखाल. फुगीर त्रिकोणी छेदात मधला गाभा जाड राहतो, म्हणून फाईल पिळाला दणकट पण वाकण्यास ताठ होते. एमटूसारखा इंग्रजी ‘एस’च्या आकाराचा छेद गाभा कमी करतो आणि कचऱ्याला जागा देतो. प्रोटेपर नेक्स्टचा आयताकृती छेद केंद्रापासून थोडा सरकवलेला आहे, त्यामुळे फिरताना ती लाटेसारखी हलते, एका वेळी सगळ्या बाजूंनी भिंतीला टेकत नाही आणि अडकण्याची शक्यता घटते. टोक न कापणारे, गुळगुळीत असावे.

‘गोल्ड’, ‘ब्लू’, ‘सीएम’ ही केवळ जाहिरातीची नावे आहेत का?

नाही. धातूला दिलेल्या उष्णता-प्रक्रियेची ती खूण आहे. निकेल-टायटॅनियम दोन मुख्य अवस्थांत राहतो. ऑस्टेनाइट अवस्थेत तो ताठ असतो आणि सोडताच उसळून सरळ होतो, तर मार्टेन्साइट अवस्थेत तो मऊ असतो आणि वाकवल्यावर तसाच राहतो. या दोहोंमध्ये आर नावाचीही एक अवस्था येते. जुन्या पद्धतीची फाईल तोंडाच्या तापमानाला ऑस्टेनाइट असते, म्हणून ती लवचीक असूनही वळणात सरळ होण्याचा प्रयत्न सोडत नाही. २००७ च्या सुमारास एम-वायर आणि २०१० च्या सुमारास हायफ्लेक्स सीएमची नियंत्रित-स्मृतीची तार आली, आणि त्यानंतर सोनेरी व निळ्या फाईली आल्या. धातूवर बसणाऱ्या टायटॅनियम ऑक्साइडच्या थरामुळे हे रंग दिसतात. या फाईलींमध्ये मार्टेन्साइटचे प्रमाण कमी-अधिक वाढवलेले असते.

वाकड्या नलिकेत याचे दोन मोठे फायदे होतात. फाईल नलिकेच्या मधोमध राहते, आणि वारंवार वाकण्याने येणारा थकवा तिला पुष्कळ उशिरा गाठतो. तिसरा फायदा लहान असला तरी रोजचा आहे. तोंड कमी उघडणाऱ्या रुग्णाच्या मागच्या दाढेत सीएम फाईल बोटाने वाकवून नलिकेच्या मुखात घालता येते.

तोटाही समजून घ्यावा. मऊ धातू पिळाला लवकर हार मानतो. तो तुटेपर्यंत अधिक अंशांतून फिरतो खरा, पण तेवढ्यासाठी लागणारा टॉर्क (पिळण्याचा जोर) सहसा कमी असतो. म्हणून नलिका अरुंद, चुन्याने भरलेली आणि फारशी वाकडी नसेल तर अतिमऊ फाईलपेक्षा थोडी ताठ फाईल बरी ठरते. नलिका मोकळी पण वळण आखूड असेल तर मऊ फाईलच घ्यावी. नलिका अरुंदही आणि आखूड वळणाचीही असेल तर कोणतीही रोटरी फाईल घालण्याआधी हाताने वाट करून घेण्यात जितका वेळ जाईल तितका जाऊ द्यावा.

सतत फिरणारी फाईल चांगली की मागे-पुढे फिरणारी?

२००८ मध्ये यारेद यांनी प्रोटेपरची एकच एफ-२ फाईल मागे-पुढे फिरवून नलिका घडवण्याची पद्धत मांडली. २०११ मध्ये वेव्हवन आणि रेसिप्रोक बाजारात आल्या. रेसिप्रोक आणि वेव्हवन गोल्ड या फाईली कापण्याच्या दिशेने १५० अंश आणि उलट दिशेने ३० अंश फिरतात, म्हणजे तीन फेऱ्यांत एक पूर्ण चक्कर होते. टोक अडकून पीळ बसण्याआधीच फाईल सुटते, हा त्यातील मुख्य लाभ.

तरीही मी ही पद्धत डोळे झाकून सुचवत नाही. या संचांतील मुख्य फाईलींचा टेपर टोकाजवळ सात-आठ टक्के आहे, आणि जाडीचा वर केलेला हिशेब त्यांनाही लागू पडतो. मध्यम, सैल वळणात त्या वेळ वाचवतात, टोकाच्या आखूड वळणात चार टक्क्यांची सतत फिरणारी मऊ फाईल मला अधिक विश्वासाची वाटते. कचरा मुळाबाहेर कोणत्या पद्धतीत जास्त ढकलला जातो, याबद्दल संशोधनाचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा त्या मुद्द्यावर निवड करू नये. आणि एक सावधगिरी : या फाईलींची पाती उलट दिशेने कापणारी असतात, त्यामुळे त्या साध्या रोटरी मोटरवर चालवू नयेत.

ग्लाइड पाथ (रोटरी फाईलआधी बारीक फाईलने केलेली मोकळी वाट) केलाच पाहिजे का?

केलाच पाहिजे. १० क्रमांकाची के-फाईल पूर्ण लांबीपर्यंत सैल, विनाअडथळा जाईपर्यंत रोटरी फाईल हातात घेऊ नये. त्यानंतर १५ क्रमांकाची हातफाईल किंवा पाथफाईल, प्रोग्लायडर यांसारखी बारीक यांत्रिक फाईल वापरावी. १० क्रमांकाची जात नसेल तर ८ आणि ६ क्रमांकाकडे वळावे, टोकाला किंचित वाक द्यावा आणि घाई करू नये.

फाईल नेमकी कशामुळे तुटते?

दोन कारणांनी. पहिले कारण पीळ : टोक नलिकेत अडकते, मोटर मात्र दांडा फिरवतच राहते. दुसरे कारण थकवा : वळणात फिरताना धातूची प्रत्येक बाजू आलटून पालटून ताणली आणि दाबली जाते. मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वेगाने दहा सेकंदांत ५० वेळा असे घडते. पिळाने तुटणाऱ्या फाईलीचा पीळ आधी उलगडलेला दिसू शकतो. थकव्याने तुटणारी फाईल मात्र बहुधा कोणतीही पूर्वसूचना देत नाही, आणि म्हणूनच ‘डोळ्यांनी पाहिली, ठीक वाटली’ हा पुरावा पुरेसा नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळात खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात माझ्या हातून सहा टक्क्यांची फाईल तुटली. ती त्याआधी तीन दाढांत वापरलेली होती, पीळ सरळ दिसत होता, म्हणून मी तिला चौथ्यांदा घेतले. वळण आखूड आहे हे चित्रात दिसत असूनही मी पूर्ण लांबी गाठल्यावर फाईल क्षणभर तिथेच फिरत ठेवली. त्या क्षणभराचे मला अजून वाईट वाटते. वाकड्या नलिकेत फाईल एका जागी कधीही फिरत ठेवू नये. हलक्या हाताने दोन-तीन वेळा आत-बाहेर करावी, बाहेर काढून खाचा पुसाव्यात, नलिका धुवावी, १० क्रमांकाने वाट मोकळी आहे याची खात्री करावी आणि मगच पुन्हा आत जावे. कोरड्या नलिकेत तर ती फिरवूच नये.

एक फाईल किती वेळा वापरावी?

ज्या फाईलीवर उत्पादकाने एकाच रुग्णासाठी असे लिहिले आहे, ती एकाच रुग्णासाठी वापरावी. इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये मूळनलिकेच्या सर्व फाईली एकदाच वापरण्याची सूचना दिली. त्यामागे संसर्गाची, विशेषतः प्रायॉनची (मेंदूचा आजार पसरवणाऱ्या प्रथिनाची) चिंता होती, कारण खाचांत अडकलेले ऊतक पूर्ण निघत नाही. आपल्याकडे खर्चामुळे फाईली पुन्हा वापरल्या जातात, ही वस्तुस्थिती मला ठाऊक आहे. पण तीव्र वाकड्या नलिकेतून निघालेली फाईल पुढच्या रुग्णासाठी ठेवू नये, एवढी तडजोड न करण्याची विनंती मी प्रत्येक सहकाऱ्याला करतो. चार नलिकांची दाढ म्हणजे चार वापर झाले, असेच मोजावे.

सीएम फाईलीचा पीळ सैल झाला आणि ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात) तो पूर्ववत झाला, तर ती आकारात परतली एवढेच सिद्ध होते. तिचा थकवा त्याने पुसला जात नाही. पीळ उलट दिशेने बसला असेल किंवा ऑटोक्लेव्हनंतरही परतला नसेल तर ती लगेच टाकून द्यावी.

माहितीपत्रकांतील ‘इतके पट अधिक टिकाऊ’ हे आकडे कसे वाचावेत?

चाचणी कशात झाली हे आधी पाहावे. थकव्याच्या चाचण्या बहुधा धातूच्या कृत्रिम नलिकेत, ठरावीक कोन आणि त्रिज्येवर होतात. त्या खोलीच्या तापमानाला केल्या असतील तर आकडे फुगलेले असण्याची शक्यता असते, कारण शरीराच्या तापमानाला धातू ऑस्टेनाइटकडे झुकतो आणि लवकर थकतो. राळेच्या ठोकळ्यांवरील चित्रे सुबक दिसतात, पण राळ घर्षणाने मऊ होते आणि तिचा कठीणपणा दंतिनासारखा नसतो. काढलेल्या दातांवर, उपचाराआधी आणि नंतर सूक्ष्म संगणकीय छायाचित्रण करून केलेली तुलना मला अधिक वजनदार वाटते.

वेग आणि टॉर्क किती ठेवावा?

उत्पादकाने त्या फाईलीसाठी दिला असेल तितकाच. प्रोटेपर साधारण २५० ते ३०० फेऱ्यांवर चालते, हायफ्लेक्स सीएम ५०० वर, त्यामुळे एका संचाची सवय दुसऱ्या संचाला लावू नये. तीव्र वळणात मी टॉर्कची मर्यादा खालच्या टोकाला ठेवतो, मोटर वारंवार उलटी फिरली तर चिडत नाही आणि एक क्रमांक मागे जातो.

फाईल आत तुटली तर दात गेला असे समजावे का?

नाही. धातूचा तुकडा स्वतः आजार निर्माण करत नाही. निकाल ठरतो तो त्याच्या पलीकडे संसर्ग राहिला आहे का, यावर. नलिका बरीच स्वच्छ झाल्यानंतर फाईल तुटली असेल तर तो दात अनेकदा चांगला टिकतो. मुळाच्या टोकाला आधीच गळू असेल तर काळजी अधिक घ्यावी लागते. तुकडा वळणाच्या वर असेल आणि दिसत असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली अल्ट्रासोनिक टिपने काढता येतो. वळणाच्या खाली असेल तर त्याच्या बाजूने बारीक हातफाईलने वाट काढण्याचा प्रयत्न करावा, ती मिळाली नाही तर तिथपर्यंत नलिका भरून ठरावीक काळाने चित्र काढत राहावे. तो उपसण्यासाठी मुळाची भिंत कोरणे बहुतेक वेळा अधिक नुकसान करते.

रुग्णाला त्याच दिवशी, चित्र दाखवून सांगावे आणि नोंद करावी.

रुग्णाने डॉक्टरांना कोणती फाईल वापरणार असे विचारावे का?

विचारायला हरकत नाही, पण त्याहून उपयोगी प्रश्न असे : माझे मूळ किती वाकडे आहे, त्यामुळे वेळ किंवा बैठका वाढतील का, रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावणार का, आणि फाईल नवी असेल का.

नलिका दोनदा वळलेली असेल, ‘एस’च्या आकाराची, तर?

अशा नलिकेत आधी वरचे वळण हलके करावे. दाताच्या माथ्यातील प्रवेश सरळ करावा, मुखाजवळचा अडसर काढावा, म्हणजे फाईलला दोन वळणांऐवजी एकाशीच झुंजावे लागते. येथे गेट्स-ग्लिडन ड्रिल (नलिकेचे मुख रुंद करणारे) खोल नेऊ नये. नलिका थोडी सरळ झाली की कामाची लांबी घटते, म्हणून एपेक्स लोकेटरने (मुळाचे टोक शोधणाऱ्या विद्युत उपकरणाने) ती पुन्हा मोजावी, एरवी पुढची फाईल मुळाबाहेर जाईल. त्यानंतर २० क्रमांकाची चार टक्क्यांची उष्णता-प्रक्रिया केलेली नवी फाईल घ्यावी आणि ती सहज गेली तरच २५ कडे जावे. टोकाचे शेवटचे दोन मिलिमीटर एकदम वळत असतील तर तेवढा भाग मी आजही वाक दिलेल्या हातफाईलींनी, किंवा सीएम फाईल मोटरवरून काढून बोटांनी फिरवून पूर्ण करतो. त्याला वीस मिनिटे जास्त लागतात आणि रुग्णाला त्याची कल्पना सुरुवातीलाच देऊन ठेवलेली असते.